वेश, वाणी आणि माणूस



या शाळेसाठी ज्यांनी आपले आयुष्य वेचले त्या कै. गुरुजींच्या स्मृतीप्रीत्यर्थ होणाऱ्या या व्याख्यानमालेत मला बोलावल्याबद्दल मी संयोजकांची मनःपूर्वक आभारी आहे. बरकतपुऱ्याच्या या परिसरात, तेलुगू आणि उर्दू यांच्या शेजारात, मराठी घरांतील मुलांना नीट मराठी बोलता-लिहिता यावे म्हणून गुरुजींनी वर्षानुवर्षे व्याकरण शिकविले. त्यांचे अनेक विद्यार्थी आज केस पिकल्यावर समोर बसलेले मला दिसत आहेत. त्यांच्यापैकी ‘खालील शब्दांचे लिंग ओळखा’ हा प्रश्न ज्याने सोडविला नाही, असा एकही नसेल. शब्दाचे लिंग चुकले तर अर्धा गुण जातो. माणसाच्या बाबतीत मात्र हाच प्रश्न आपण रस्त्यावर, वर्गात, लग्नघरात क्षणार्धात सोडवितो, आणि उत्तर चुकले तर गुण आपले जात नाहीत; त्या माणसाचे आयुष्य जाते. आजच्या भाषणाचा विषय हा आहे.

विषय ऐकून काहींना थोडे अवघडल्यासारखे झाले असेल. शाळेच्या व्यासपीठावर हे कशाला, असेही कोणाच्या मनात आले असेल. माझे म्हणणे असे की, हा विषय शाळेत रोजच चाललेला असतो. फक्त तो मधल्या सुट्टीत, टवाळीच्या रूपाने चालतो. तो सभागृहात आणून शांतपणे पाहावा, एवढाच माझा हेतू आहे.

शब्दांची उकल

मराठीत ‘लिंग’ या एकाच शब्दावर आपण फार ओझे टाकले आहे. व्याकरणातले लिंगही तेच आणि देहाचे लिंगही तेच. अलीकडच्या काही दशकांत, विशेषतः स्त्रीवादी लेखनामुळे, ‘लिंगभाव’ हा शब्द रुळला आणि सोय झाली. इंग्रजीतला ‘जेंडर’ हा शब्दसुद्धा मुळात व्याकरणाचाच; विसाव्या शतकाच्या मध्यानंतर मानसशास्त्राने तो माणसासाठी उसना घेतला.

या संदर्भात चार गोष्टी वेगवेगळ्या पाहाव्या लागतात. पहिली, जन्मतः मिळालेला देह. दुसरी, ‘मी कोण’ याचा आतून येणारा प्रत्यय. मी पुरुष आहे, स्त्री आहे, किंवा या दोन्ही शब्दांत मावत नाही, ही जाणीव. तिसरी, मनाची ओढ. प्रेम कोणाविषयी वाटते ती गोष्ट. आणि चौथी, आविष्कार. म्हणजे वेश, केस, चाल, हातवारे, आवाज, बोलण्याची ढब, दागिने. पहिल्या तीन गोष्टी बाहेरच्याला सहसा दिसत नाहीत. दिसतो तो चौथीचा पसारा. आणि या दिसणाऱ्या चौथीवरून उरलेल्या तिन्ही आपण ओळखल्या, असे आपण खुशाल धरून चालतो. मुलगा हात हलवून बोलला की तो ‘तसला’. मुलीने केस कापले आणि ती पँट घालून मोटारसायकलवर बसली की तीही ‘तसली’.

माझ्या प्रतिपादनाचा गाभा आधीच सांगून टाकते. आविष्कारावरून आत्मप्रत्यय कळत नाही आणि ओढही कळत नाही. एकाच वेशाच्या पोटी अगदी भिन्न माणसे असतात, आणि एकाच ओढीची माणसे भिन्न वेशांत वावरतात. हे सांगण्यासाठी परदेशी ग्रंथांकडे धाव घेण्याची गरज नाही. आपली भाषा, आपली रंगभूमी, आपले संतवाङ्मय आणि आपले हे हैदराबाद शहर यांत पुरेशी साक्ष आहे.

व्याकरणाची साक्ष

तेलुगूत ‘नेनु वच्चानु’ असे पुरुष म्हणतो आणि स्त्रीही म्हणते. ‘मी’ म्हणताना तेलुगू माणसाला आपले लिंग जाहीर करावे लागत नाही. मराठीत मात्र ‘मी येतो’ की ‘मी येते’, ‘मी गेलो’ की ‘मी गेले’, हे ठरविल्याशिवाय वाक्य पुरे होत नाही. तोंड उघडले की आपण स्वतःचा दाखला देतो. पण हा दाखला किती विश्वासार्ह आहे?

माझे माहेर कोल्हापूर जिल्ह्यातले. आमच्याकडे मुली आणि बायका सर्रास ‘मी आलो’, ‘मी गेलो’ असे म्हणतात. लग्न होऊन मी हैदराबादेस आले तेव्हा माझ्या सासूबाई शेजारणींना म्हणाल्या होत्या, ‘सून गुणाची आहे हो, पण बोलते मात्र गड्यासारखी!’ गावी असताना आपण गड्यासारखे बोलतो असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. तिथे ती बायकांचीच बोली होती. गोव्याकडे कोंकणीत पाहा. तिथे तरुण मुलीविषयी नपुंसकलिंगी रूप चालते; ‘चेडूं’ हा शब्दच नपुंसकलिंगी आहे. आमच्या मागच्या पिढीतील प्रतिष्ठित गृहस्थ पत्नीचा उल्लेख ‘आमचे कुटुंब’ असा करीत आणि ‘कुटुंब माहेरी गेले आहे’ म्हणताना त्यांना काही गैर वाटत नसे. ‘व्यक्ती’ हा शब्द स्त्रीलिंगी. पण मिशा असलेला पहिलवानही व्यक्तीच असतो. तेव्हा वाणीतले लिंग हा प्रदेशाचा, पिढीचा, संकेताचा भाग आहे. कोल्हापूरच्या पोरीचे पुल्लिंगी क्रियापद ऐकून तिच्या स्त्रीत्वाविषयी शंका घेणारा माणूस हास्यास्पद ठरेल. मग तोच न्याय चालीला, वेशाला, हातवाऱ्यांना आपण का लावत नाही?

याच व्याकरणाची दुसरी बाजूही सांगते. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी इंटरमीजिएटच्या वर्गाला मी ‘माझी दिनचर्या’ या विषयावर निबंध लिहायला सांगितला होता. एका वहीपाशी माझा हात थांबला. ‘पहाटे मला जाग येते. चहा घेणे होते. मग अभ्यास सुरू होतो. दुपारी मला झोप आवरत नाही. काल मी एक कादंबरी वाचली. उद्या मी दुसरी आणीन.’ दीड पानांच्या त्या निबंधात ‘उठतो’ नव्हते आणि ‘उठते’ही नव्हते. मराठी व्याकरणात जेवढ्या फटी आहेत तेवढ्या सगळ्या त्या कोवळ्या वयाने शोधून काढल्या होत्या. भविष्यकाळात ‘मी जाईन’ म्हणताना लिंग लागत नाही. ‘मी वाचली’ यातले लिंग कादंबरीचे असते. ‘मला वाटते’ यात तर कर्ताच बाजूला सरतो. मी त्या विद्यार्थ्याला बोलावून घेतले आणि लेखनाचे कौतुक करून कारण विचारले. उत्तर आले, ‘बाई, ‘उठतो’ लिहिले की खोटे लिहिल्यासारखे वाटते. ‘उठते’ लिहिले तर वर्ग हसेल. म्हणून वाक्येच बदलली.’

मी तीस-पस्तीस वर्षे भाषा शिकविली, परंतु भाषेची एवढी सूक्ष्म जाण असलेला निबंध पुन्हा माझ्या हाती आला नाही. वसतिगृहात चालीवरून, आवाजावरून जो छळ होत होता तो पुढे वाढत गेला. दुसऱ्या सत्रात हजेरीपटावर गैरहजेरीच्या खुणा वाढल्या आणि वर्ष संपण्यापूर्वी ते नाव पटावरून कमी झाले. ती व्यक्ती आज कुठे आहे, मला ठाऊक नाही.

एकच वेश, वेगळी माणसे

आता रंगभूमीकडे वळू. १८४३ साली सांगलीस विष्णुदास भावे यांनी ‘सीतास्वयंवर’ केले, तेव्हापासून पुढे अनेक दशके मराठी रंगभूमीवरील स्त्री प्रामुख्याने पुरुषाने उभी केलेली होती. या परंपरेचे शिखर म्हणजे नारायण श्रीपाद राजहंस, अर्थात बालगंधर्व. १८८८ साली जन्मलेल्या या कलावंताने ‘मानापमाना’तली भामिनी, ‘स्वयंवरा’तली रुक्मिणी आणि ‘एकच प्याला’मधली सिंधू साकार केली. त्यांचे लुगडे नेसणे, केसांत गजरा माळणे, पदर सावरणे याचे अनुकरण घरंदाज स्त्रिया करीत. स्त्रीने स्त्री कशी दिसावी हे एका पुरुषाकडून शिकावे, ही गोष्ट आपण कौतुकाने सांगतो. पण तिचा अर्थ जरा खोलात जाऊन पाहिला तर असा निघतो की, ज्याला आपण ‘बायकी’ म्हणतो ते शिकता येते, शिकविता येते आणि देहापासून वेगळे करता येते. बालगंधर्व गृहस्थाश्रमी होते, त्यांना मुलेबाळे झाली. रंगमंचावरील त्यांच्या स्त्रीवेशावरून त्यांच्या अंतरंगाविषयी अनुमान काढण्याचा अधिकार कोणालाच नाही, आणि त्या काळच्या रसिकांनी तो घेतलाही नाही.

चित्रपटातही तेच घडले. दादासाहेब फाळके यांच्या १९१३ सालच्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामती झाले ते अण्णा साळुंके. पुढे १९१७ च्या ‘लंकादहना’त याच साळुंक्यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. एकच देह, एकच नट. वेश बदलला की प्रेक्षक रामापुढेही हात जोडत आणि सीतेपुढेही. उलट बाजूने, केवळ स्त्रियांच्या नाटक मंडळ्याही आपल्याकडे होऊन गेल्या. त्यांत पुरुषपात्रे स्त्रियाच करीत. ‘मोहिनी भस्मासुर’ या १९१३ च्या चित्रपटात काम केलेल्या कमलाबाई गोखले यांनी रंगभूमीवर पुरुषभूमिका गाजविल्या. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केले आणि स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचे वळण दृढ होत गेले. जपानच्या काबुकीत पुरुषांनी स्त्रिया रंगविण्याची कला आजही मोठ्या मानाने जपली जाते. शेक्सपियरच्या नायिका प्रथम रंगमंचावर आणल्या त्या किशोरवयीन मुलांनी.

परंतु रसिकतेचा हा उदारपणा सर्वांच्या वाट्याला आला नाही. कोल्हापूरचे गणपत पाटील हे तमाशाप्रधान मराठी चित्रपटांत ‘नाच्या’ची भूमिका करणारे थोर नट. २००८ साली त्यांचे निधन झाले. पत्नी आणि मुले असलेला हा गृहस्थ. पण पडद्यावरील हावभाव त्याच्या घरापर्यंत पाठलाग करीत आले. त्यांच्या पुरुषपणाविषयी लोक शंका घेत राहिले आणि त्याचा ताप घरच्यांनाही झाला. बालगंधर्वांची सिंधू ही कला ठरली आणि गणपत पाटलांचा नाच्या हा स्वभाव ठरला. हा भेद का पडला? एक कारण असे की, बालगंधर्व पूर्ण स्त्री होऊन समोर येत. पडदा पडला की ती स्त्री नाहीशी होई आणि प्रेक्षकाच्या मनातली विभागणी शाबूत राही. नाच्या मात्र पुरुष असून बायकी असतो. तो सीमारेषेवर उभा राहतो, आणि सीमारेषेवरच्या माणसाची आपल्याला भीती वाटते. भीती वाटली की आपण हसतो. आनंद यादव यांच्या ‘नटरंग’ कादंबरीने आणि तिच्यावरून निघालेल्या २०१० च्या चित्रपटाने ही वेदना मराठी माणसापुढे ठेवली.

तिसरे उदाहरण सौंदत्तीच्या यल्लम्मेच्या परंपरेतले. देवीला वाहिलेले जोगते लुगडे नेसतात, कपाळाला भंडारा लावतात, जोगवा मागतात. त्यांच्यात असे काही असतात की ज्यांना स्त्रीवेशातच स्वतःचे खरे रूप सापडते. देवीच्या आश्रयाने त्यांना गावात एक जागा मिळते. पण ज्यांच्यावर हा वेश लादला जातो असेही असतात. राजन गवस यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेल्या, २००९ साली प्रदर्शित झालेल्या ‘जोगवा’ या चित्रपटातील तायप्पा हा तसा आहे. तो अंतर्बाह्य पुरुष आहे, एका जोगतिणीवर त्याचे प्रेम आहे, आणि समाजाने त्याला लुगड्यात कोंडले आहे. त्या भूमिकेसाठी उपेंद्र लिमये यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. एकाला जो वेश मोकळे करतो तोच दुसऱ्याला कोंडतो. म्हणून प्रश्न लुगड्याचा नसतो. ते कोणाच्या इच्छेने अंगावर आले, हा प्रश्न असतो.

संतांची वाणी

माझ्या पीएच.डी.च्या प्रबंधाचा विषय संतकाव्यातील स्त्रीवाणी हा होता. ज्ञानदेवांच्या विराण्या विरहिणीच्या तोंडून येतात. एकनाथांच्या गौळणी आणि अनेक भारुडे स्त्रीच्या मुखातून बोलतात. तुकोबांच्या नावावरही गौळणी आहेत. विठ्ठल हा देव खरा, पण वारकरी त्याला विठाई म्हणतो आणि ज्ञानदेवांना माउली म्हणतो. पंढरीच्या वाटेवर तर समोर येणारा प्रत्येक जण, दाढीवाला म्हातारा असो की पोरसवदा मुलगी, माउलीच असतो. या परंपरेतल्या पुरुषाला स्त्रीचा स्वर घेताना आपले पौरुष कमी झाल्यासारखे वाटत नव्हते. हीच गोष्ट आपल्या दख्खनीची. सतराव्या शतकातल्या विजापूरच्या हाशमीने स्त्रीच्या बोलीत, स्त्रीच्या तोंडी गझला लिहिल्या. पुढे उत्तरेत बहरलेल्या ‘रेख्ती’ची पूर्वखूण अभ्यासक त्यात पाहतात.

संतांचा हवाला देऊन आजचे सगळे प्रश्न सुटतात असे मी म्हणणार नाही. तो भक्तीचा संकेत होता, सामाजिक हक्कांचा जाहीरनामा नव्हे. तरीपण एवढे निश्चित म्हणता येते की, पुरुषाच्या कंठातून स्त्रीचा स्वर निघणे आपल्या संस्कृतीला परके नव्हते. जे देवळात आणि रंगमंचावर चालले, ते रस्त्यावर चालेनासे झाले. ते कसे, हे पाहण्यासाठी आता आपल्या शहरात येऊ.

१९१९ : एक साल, दोन वेश

२० फेब्रुवारी १९१९ रोजी बडोद्यास गंधर्व नाटक मंडळीने ‘एकच प्याला’चा पहिला प्रयोग केला. बालगंधर्वांच्या सिंधूने मराठी माणसाला रडविले. त्याच १९१९ साली, म्हणजे फसली सन १३२९ मध्ये, निजामाच्या हैदराबाद संस्थानात हिजड्यांविषयीचा एक कायदा झाला. मुले पळविणे व त्यांचे खच्चीकरण करणे यांचा संशय ज्यांच्यावर असेल अशा हिजड्यांची नोंदवही ठेवावी, असे त्यात होते. पुढे असेही होते की, नोंदविलेला हिजडा स्त्रीच्या वेशात वा स्त्रियांचे दागिने घालून रस्त्यावर आढळला, किंवा सार्वजनिक जागी गाताना-नाचताना दिसला, तर त्याला वॉरंटाशिवाय पकडता येई आणि दोन वर्षांपर्यंत कैद होऊ शके. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्यात जे होते त्याचाच हा वारसा.

या दोन घटना शेजारी ठेवून पाहा. एक पुरुषदेही माणूस लुगडे नेसून रंगमंचावर उभा राहिला तर त्याच्यावर पुष्पवृष्टी. दुसरा रस्त्यावर उभा राहिला तर त्याला कोठडी. वेश तोच. फरक एवढाच की पहिल्याने खेळ संपल्यावर वेश उतरविला. दुसऱ्याला तो उतरवायचा नव्हता, कारण त्याच्या लेखी तो खेळ नव्हता. खेळ म्हणून केलेले आपण डोक्यावर घेतो आणि खरेपणाने केलेले आपल्याला खपत नाही, असा याचा निष्कर्ष निघतो.

याच शहराचा त्याआधीचा इतिहास वेगळा होता. मोगल आणि दख्खनी दरबारांत ख्वाजासरा विश्वासाच्या पदांवर असत. १७९५ साली खर्ड्याच्या लढाईत मराठ्यांसमोर निजामाच्या बाजूने स्त्रियांची पलटणही होती. त्या स्त्रिया शिपायांचा गणवेश घालीत. महलका बाई चंदा, जिचा उर्दू दिवाण प्रसिद्ध आहे, निजामाबरोबर मोहिमांवर जाताना पुरुषी पोशाख करीत असे, असे सांगतात. दरबाराला जे पचत होते ते कायद्याने गुन्हा ठरविले.

निजामशाही गेली, हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले, १९५६ साली आंध्र प्रदेश आणि २०१४ साली तेलंगण राज्य झाले. तो कायदा मात्र नाव बदलून जिवंत राहिला. वैजयंती वसंता मोगली आणि इतरांनी त्याला आव्हान दिले आणि ६ जुलै २०२३ रोजी तेलंगण उच्च न्यायालयाने तो घटनाबाह्य ठरवून रद्द केला. तत्पूर्वी १५ एप्रिल २०१४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आपली ओळख स्वतः ठरविण्याचा हक्क मान्य केला होता. वेश, बोलणे, वागणे यांतून होणारा लिंगभावाचा आविष्कार हा अभिव्यक्तिस्वातंत्र्याचाच भाग आहे, असे त्या निकालात म्हटले आहे. २०२२ साली येथील उस्मानिया रुग्णालयात दोन पारलिंगी डॉक्टर सरकारी सेवेत रुजू झाल्या. डिसेंबर २०२४ मध्ये हैदराबादच्या वाहतूक पोलिसांनी ३९ पारलिंगी व्यक्तींना वाहतूक साहाय्यक म्हणून घेतले. ज्या रस्त्यावर उभे राहिल्याबद्दल १९१९ च्या कायद्याने कैद सांगितली होती, त्या रस्त्यावर आज गणवेशात उभे राहून त्या आपल्याला थांबवितात आणि सोडतात. आपण मुकाट्याने थांबतो. याला मी प्रगती म्हणते.

‘हिजडा’ हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्या मराठी समाजात लक्ष्मीनारायण त्रिपाठी यांनी २०१२ साली आपल्या आत्मकथनाच्या शीर्षकातच ‘मी हिजडा, मी लक्ष्मी’ असे लिहिले. दिशा पिंकी शेख मराठीत कविता लिहितात. ज्यांच्याविषयी आजवर इतरच बोलत होते त्यांनी स्वतः ‘मी’ म्हणावे आणि त्या ‘मी’ला आपले क्रियापद द्यावे, ही वाङ्मयाच्या दृष्टीनेही मोठी घटना आहे.

ओढ दिसत नाही

आता राहिली ओढ. आत्मप्रत्यय आणि ओढ यांची तर आपण हमखास गल्लत करतो. ज्या पुरुषाला पुरुषाविषयी प्रेम वाटते तो बायकीच असणार, आणि जी स्त्री स्त्रीवर प्रेम करते ती पुरुषीच असणार, हा समज खोलवर रुजलेला आहे. वास्तविक अशा पुरुषांत सैनिक असतात, पहिलवान असतात, मिशा पिळणारे असतात, तसेच नाजूक बोलणारेही असतात. बायकी वाटणाऱ्या पुरुषांपैकी अनेक जण पत्नीवर जीव टाकणारे असतात. पारलिंगी स्त्रियांतही कोणाला पुरुष आवडतो, कोणाला स्त्री, आणि कोणी विरक्त असते. कोणी भरजरी साडी नेसते, कोणी साधा सलवार-कमीज घालते.

मराठी साहित्याने हे हळूहळू ओळखले. विजय तेंडुलकरांच्या ‘मित्राची गोष्ट’ या १९८१ च्या नाटकात सुमित्रा ऊर्फ मित्रा नामा या मुलीवर प्रेम करते, आणि त्या प्रेमाला तिच्या काळात कुठे जागा नाही. सचिन कुंडलकरांच्या ‘कोबाल्ट ब्लू’मध्ये भाऊ आणि बहीण दोघेही घरी राहायला आलेल्या एकाच तरुणावर प्रेम करतात, आणि बहीण घरच्या अपेक्षेतल्या ‘बायकी’ साच्यात कुठेच बसत नाही. तरीही तिची ओढ पुरुषाकडे आहे. बिंदुमाधव खिरे यांच्या ‘पार्टनर’ने समलिंगी तरुणाच्या मनाची उलघाल साध्या मराठीत सांगितली. आपल्या हैदराबाद विद्यापीठात अध्यापन केलेल्या होशंग मर्चंट यांनी १९९९ साली अशा भारतीय लेखनाचा संग्रह संपादित केला. वैद्यकशास्त्रही बदलले. १९९० साली जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून वगळली. ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने प्रौढांमधील संमतीचे असे संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले.

शाळेपुढचे काम

शेवटी शाळेविषयी. आपल्या भाषेतले दोन शब्द तोलून पाहा. पराक्रमी स्त्रीला आपण ‘मर्दानी’ म्हणतो आणि तो गौरव असतो. हळव्या मुलाला ‘बायल्या’ म्हणतो आणि ती शिवी असते. मुलगी मुलासारखी वागली तर निदान काही काळ कौतुक होते, मुलगा मुलीसारखा वागला तर तत्काळ मार बसतो. हे असे का? कारण वर चढण्याला आपण शौर्य मानतो आणि खाली उतरण्याला अधःपात. आणि स्त्री ही खालची पायरी, असे आपण न बोलता ठरविलेले आहे. म्हणून ‘बायल्या’ ही शिवी एका मुलाला दिली तरी ती वर्गातल्या सगळ्या मुलींना लागते. हे माझ्या विद्यार्थिनींनी ध्यानात घ्यावे. मुलींनीही त्या हसण्यात सामील व्हावे, यासारखे दुर्दैव नाही.

शिक्षकांना मी फार मोठे काही सांगत नाही. मूल कोणत्या ओळखीचे आहे, त्याची ओढ कोणाकडे आहे, हे शोधून काढणे शिक्षकाचे काम नाही. ते त्या मुलालाही अजून ठाऊक नसेल, आणि ठाऊक झाले तर केव्हा, कोणाला सांगायचे हे त्याचे त्याने ठरवावे. आपले काम त्याच्या चालीवर, आवाजावर, हातांच्या हालचालीवर वर्गात कोणी हसणार नाही एवढे पाहण्याचे. स्नेहसंमेलनात कोणाला नृत्य हवे असेल तर नृत्य, कोणाला कुस्ती हवी असेल तर कुस्ती. चेष्टेला ‘मुलांचा खेळ’ म्हणून सोडून देऊ नये. तिच्यापायी मुले शाळा सोडतात. पालकांना विनंती एवढीच की, ‘नीट चाल’, ‘पुरुषासारखा बोल’ असे दिवसातून दहा वेळा सांगण्याआधी क्षणभर थांबावे. अशा सांगण्याने चाल बदलते असा माझा अनुभव नाही. घरी बोलणे मात्र कमी होते.

आपल्या या वस्तीच्या नावातच बरकत आहे. घरात मूल जन्मले की टाळ्या वाजवीत दारी येणाऱ्यांकडून आपण त्या बाळासाठी बरकतीचा आशीर्वाद घेतो. आशीर्वाद देणारा हात शुभ मानायचा आणि तोच हात आपल्या वर्गात बाकावर दिसला तर त्याला बाहेर काढायचे, ही विसंगती सुशिक्षित समाजाला शोभत नाही. तो हात आशीर्वादासाठी दारी येण्यापूर्वी कधीतरी कोणत्यातरी शाळेत पाटी धरून बसलेला असतो, आणि बहुधा तिथूनच त्याची हकालपट्टी सुरू झालेली असते.

व्याकरणाच्या तासाला ‘लिंग ओळखा’ हा प्रश्न अवश्य राहू द्या. शब्दांसाठी तो हवाच. माणसांच्या बाबतीत मात्र त्या माणसाने आपले क्रियापद स्वतः निवडावे आणि आपण ते सभ्यपणे ऐकून घ्यावे. ‘उठतो’ लिहिले तरी चालेल, ‘उठते’ लिहिले तरी चालेल, एवढा निर्धास्तपणा या शाळेच्या प्रत्येक वहीत असावा. भाषेवर आणि मुलांवर ज्यांनी सारखेच प्रेम केले त्या गुरुजींना ही गोष्ट मान्य झाली असती, असा माझा विश्वास आहे.